लुनाची चाकं, बुगाटीचं नाक

ऑगस्ट १९२४ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या शर्यतीत बुगाटीची ‘टाइप ३५’ पहिल्यांदा उतरली. निळी, निमुळत्या शेपटीची, पुढे घोड्याच्या नालेच्या आकाराची जाळी. अशा जुन्या रेसच्या गाड्या घरच्या शेडमध्ये, लहान आकारात, हाताला लागेल त्या सामानातून करायचा एक नाद जगात आहे. नव्वदच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात पीटर स्टीव्हन्सन आणि त्यांच्या मंडळींनी तो रूढ केला, आणि या गाड्यांना ‘सायकलकार्ट’ हे नाव पडलं. एकाच माणसाची जागा, मोपेडची तारांची चाकं, शेतीच्या यंत्रावर असतं तसलं छोटं इंजिन. वॉशिंग्टन राज्यात टायटन नावाच्या सफरचंदाच्या बागांच्या गावात त्यांची ‘ग्रां प्री’सुद्धा भरते. हुबेहूब नक्कल कुणी मागत नाही. दुरून बघणारा ‘अरे, ही तर जुनी रेसची गाडी’ म्हणाला की काम झालं.

मी नगरचा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी बोलताना तोंडात नगरच येतं. नोकरी एमआयडीसीत, टूलरूममध्ये झाली. निवृत्तीनंतर हे खूळ शिरलं ते अजून निघालेलं नाही. या कामाला लागणारं सगळं सामान आणि सगळे कारागीर आमच्याकडे दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आहेत. अवघड जातं ते वेगळंच. शेडमध्ये येणारा प्रत्येक माणूस गाडी मोठी करायला बघतो, आणि ती लहान ठेवायला रोज भांडावं लागतं. त्या भांडणातून जे हाती लागलं ते लिहितो.

१. जुनी गाडी आधी प्रत्यक्ष बघा, फोटोत नव्हे.

नगरला रेसची जुनी गाडी कुठून येणार? पण लष्कराच्या रणगाडा संग्रहालयात, जे १९९४ पासून उघडं आहे, रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी उभी आहे. लोक रणगाड्यांपुढे फोटो काढतात आणि तिच्यावरून पुढे जातात. तुम्ही थांबा. चिलखत विसरा, पुढची चाकं आणि रेडिएटर कुठे आहेत एवढंच बघा. आजच्या मोटारीचं नाक चाकांच्या पुढे हातभर आलेलं असतं. त्या काळात पुढचा आस म्हणजे गाडीचं टोकच. रेडिएटर त्याच्या वर किंवा किंचित मागे, मग लांब बॉनेट, आणि माणूस पार मागे, जवळजवळ मागच्या चाकांपाशी. घरी केलेली गाडी खेळण्यातली वाटते तेव्हा दहातल्या नऊ वेळा रेडिएटर आसाच्या पुढे गेलेला असतो.

आणि एकच गाडी निवडा. बुगाटीचं नाक, मॉर्गनची शेपटी आणि आल्फाचा रंग असं केलं की गाडी कुणाचीच राहत नाही.

२. चाक ठरलं की बाकीची मापं आपोआप ठरतात.

पहिलं माप चाकाचं, इंजिनाचं नाही. टाइप ३५ च्या टायरचा व्यास ७१० मिलिमीटर आणि दोन आसांमधलं अंतर २४०० मिलिमीटर. म्हणजे अंतर चाकाच्या साधारण ३.४ पट. आता आपल्याकडचं चाक घ्या. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना मोपेड आणली, ती नगरच्या कारखान्यात तयार झाली, आणि आजही जिल्ह्यातल्या कितीतरी पडव्यांत एखादी लुना पोत्याखाली झाकलेली सापडते. तिचं १६ इंची चाक टायरसकट भरतं ५२० मिलिमीटरच्या आसपास. ५२० गुणिले ३.४ म्हणजे १७७० मिलिमीटर, पावणेसहा फुटांना थोडं जास्त. झालं, तुमच्या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर ठरलं. शेपटी धरून गाडी साडेसात फुटांच्या आत राहते आणि ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या टेम्पोत फाळका खाली सोडून सहज चढते. पुढे कोणी काही वाढवायला सांगितलं की मी हा छोटा हत्तीच पुढे करतो. त्यात मावत नसेल तर नको.

ज्यांना एवढंही गणित नको त्यांनी १९२२ ची ऑस्टिन सेव्हन घ्यावी. तिच्या दोन आसांमधलं अंतर मुळातच सव्वासहा फूट, फार आटवावंच लागत नाही.

माणूस मात्र आटवता येत नाही. त्यामुळे चालवणारा कमरेपासून वर गाडीबाहेर दिसतो, कोपरं बाजूला निघतात. दिसू द्या. जुन्या शर्यतींच्या फोटोंतही चालक असेच बाहेर आलेले दिसतात. गंमतीचा अर्धा भाग तोच आहे.

३. तारांच्या चाकावर आंधळा विश्वास ठेवू नका.

हा मुद्दा कंटाळवाणा वाटेल, पण हाडं शाबूत ठेवणारा आहे. दुचाकी वळताना कलते, त्यामुळे चाकावरचा भार चाकाच्याच प्रतलात राहतो. चारचाकी कार्ट कलत नाही. वळणावर तिच्या चाकाला आडवा रेटा बसतो, आणि तारांचं चाक त्यासाठी केलेलंच नसतं. शिवाय दुचाकीच्या हबला दोन्ही बाजूंनी फोर्कचा आधार असतो. इथे पुढचं चाक एका बाजूने टांगलेलं. लुनाचा मूळचा बारीक आस तसाच ठेवला तर तो वाकणार, यात शंका नाही.

उपाय आहेत. तारा जाड घ्या, आणि चाक एखाद्या जुन्या सायकलवाल्याकडून ताणून घ्या. हे काम मोटरसायकलच्या गॅरेजपेक्षा सायकलच्या दुकानातला म्हातारा माणूस चांगलं करतो. त्याचा हात तारेवर फिरतो आणि आवाजावरून त्याला कळतं. आस निदान १७ मिलिमीटरचा, ईएन-८ पोलादाचा घ्या, त्यावर ६२०३ नंबरची बेअरिंग बसवा. लुनाच्या हबमध्ये तेवढी जागा निघत नसेल तर लेथवर नवा हब करून घ्या. एमआयडीसीत हे एका दुपारचं काम आहे. त्यात पैसे वाचवू नका. पैसे पत्र्यात वाचवा, रंगात वाचवा.

४. आधी पुठ्ठा.

फ्रीजचे खोके आणा. शेडच्या फरशीवर खडूने गाडी खऱ्या मापात काढा, पुठ्ठ्याच्या बाजू उभ्या करा आणि आत स्टूल ठेवून बसा. गुडघे कुठे लागतात, पाय ब्रेकपर्यंत पोचतात का, सगळं तिथेच कळतं. मग वीस पावलं लांब जाऊन, खाली वाकून बघा. पुठ्ठा कापायला फुकट, चौकोनी पाईप कापायला नाही.

५. इंजिन शेतातच उभं आहे.

सायकलकार्टवाल्यांचं आवडतं इंजिन म्हणजे होंडाचं जीएक्स २००. १९६ सीसी, साडेपाच ते साडेसहा अश्वशक्ती. हे वाचलं आणि मला हसू आलं. राहात्याच्या डाळिंबाच्या बागेत, पारनेरच्या कांद्याच्या रानात पॉवर विडर चालतात, त्यांच्यावर याच जातीची इंजिनं बसवलेली असतात. विडरचे दाते तुटून पडलेत, गिअरपेटी गेलीय, पण इंजिन ठणठणीत, असे नग शेतकऱ्याकडे पडून असतात. घेताना शाफ्टला व्हर्निअर लावा. कुणाचा १९ मिलिमीटरचा, कुणाचा २० चा, आणि त्या एका मिलिमीटरवर क्लच बसतो किंवा बसत नाही.

लुनाचं ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन लहान मुलाला पुरतं. आवाजही तो जुना, आणि सुरू केलं की गल्लीतला कोणी ना कोणी ‘चल मेरी लुना’ म्हणणारच. पण ऐंशी किलोचा माणूस घेऊन ते चढावर दम टाकतं.

आता वेगाचं गणित. विडरचं इंजिन मिनिटाला ३६०० फेरे घेतं. लुनाचं चाक एका फेऱ्यात १.६३ मीटर जातं. ताशी ४० किलोमीटरला चाकाचे मिनिटाला ४०० च्या आसपास फेरे हवेत, म्हणजे वेग नऊ पटींनी उतरवायला हवा. एकाच चेनवर तेवढं करायचं तर मागचं स्प्रॉकेट ताटाएवढं होतं आणि जमिनीला घासतं. म्हणून मध्ये एक आडवा शाफ्ट टाकून दोन टप्पे करा: १२ दात्यांवरून ३६, पुन्हा १२ वरून ३६. तीन त्रिक नऊ. हे न करता थेट सहाच्या प्रमाणात चेन टाकली तर कागदावर वेग ताशी ५९ किलोमीटर निघतो. पण सुटताना क्लच घसरत राहतो, तापतो आणि जळतो.

फेऱ्यांना आवर घालणारा इंजिनाचा गव्हर्नर काढून टाका, जास्त पळेल, असं सांगणारे भेटतील. काढू नका. आतलं फ्लायव्हील बिडाचं असतं, ठरावीक फेऱ्यांपुढे ते फुटू शकतं, आणि ते तुमच्या गुडघ्यापासून दोन फुटांवर आहे.

पल्सरचं इंजिन टाका म्हणणारेही येतात. त्यांना चहा पाजा.

६. एकच मागचं चाक ओढू द्या.

दोन्ही मागची चाकं एका अखंड आसावर घट्ट बसवली तर वळताना आतलं चाक घसटतं, आणि बारीक टायरची हलकी गाडी वळायचं सोडून सरळ जाते. डिफरन्शियल टाकलं की वजन आणि खर्च दोन्ही वाढले. साधा मार्ग असा की चेन एकाच मागच्या चाकाला द्यायची, दुसरं मोकळं फिरू द्यायचं. इंजिनिअरिंगची मुलं यावर नाक मुरडतात. चालवून बघितली की गप्प होतात. एवढ्या थोड्या ताकदीत गाडी एका बाजूला ओढते, हे जाणवतसुद्धा नाही.

ब्रेक मात्र दोन्ही मागच्या चाकांना हवा. दोन्ही केबल एका आडव्या पट्टीच्या टोकांना बांधायच्या आणि पट्टी मधोमध पेडलला. पट्टी तिरकी होते आणि दोन्ही ड्रमना सारखा ताण पोचतो.

७. स्टिअरिंग दोरीने तपासा.

वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, कारण त्याला लहान वर्तुळ कापायचं असतं. त्यासाठी किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या मध्यापासून स्टिअरिंग आर्मच्या टोकावरून मागे दोरी ताणायची, दोन्ही बाजूंनी. दोन्ही दोऱ्या मागच्या आसाच्या मध्यावर भेटल्या पाहिजेत. किंगपिन वरच्या टोकाला मागे कललेला हवा, दहा अंशांच्या आसपास. मग सोडलेलं स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. गिअरपेटी नको. दांड्यालाच आर्म लावला की पाव फेऱ्यात चाकं पूर्ण वळतात आणि हाताला रस्त्याचा खडान् खडा कळतो.

८. अंगावरचं काम ज्याचं त्याच्याकडे द्या.

सगळ्यात जास्त मजा इथे आहे आणि सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात त्याही इथेच. बॉडी गॅरेजमध्ये करू नका. डेंटिंगवाल्याला ठोकून सरळ करायची सवय, त्याला नवा आकार उभा करायला सांगितला की तो जाड पत्रा घेतो आणि भरपूर पुट्टी लावतो. वजन चढलं. मी धान्याच्या कोठ्या करणाऱ्या कारागिराकडे गेलो. २२ गेजचा पत्रा, कडा घडी घालून बसवलेल्या, कुठे वेल्डिंगचा डाग नाही. निमुळती शेपटी म्हणजे दोन वाकवलेले पत्रे मागे एका उभ्या कडेत मिळालेले. त्याच्या दृष्टीने ती आडवी पाडलेली, एका टोकाला चेपलेली कोठीच. “पण भाऊ, ह्याच्यात भरायचं काय?” एवढंच त्याने विचारलं. माणूस बसायचाय म्हटल्यावर मान हलवून कामाला लागला.

पत्राही नको असेल तर कापड चालतं, आणि ते नियमाबाहेरचं मुळीच नाही. विसाच्या दशकात वेमनच्या पद्धतीने लाकडी सांगाड्यावर कापड ताणून मोटारींच्या बॉडी होत असत. प्लायच्या फासळ्या करा आणि रिक्षाची सीट-हूड शिवणाऱ्याकडून रेक्झिन ताणून घ्या. त्याच्याइतकं सुरकुती न पाडता रेक्झिन ताणणं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

बॉनेटवरून जाणारे चामड्याचे पट्टे ही जुन्या रेसच्या गाडीची मोठी खूण. तयार कुठे मिळणार म्हणून शोधत बसू नका. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जा. बैलांच्या गळ्यात घालायचे बकलाचे पट्टे तिथे टांगलेले असतात. घुंगरं काढून घ्या. विकणारा विचारतो बैल कितीचा घेतला. मी म्हणालो, साडेसहा अश्वशक्तीचा.

रंगाचंही सांगून ठेवतो. त्या काळी शर्यतीत गाडीचा रंग देशावरून असे: फ्रान्सचा निळा, इटलीचा लाल, इंग्लंडचा हिरवा, बेल्जियमचा पिवळा. आमच्या पेंटरला निळा म्हटलं की तो विचारतो, “न्यू हॉलंडचा देऊ का?” ट्रॅक्टरचा निळा चांगलाच आहे, पण बुगाटीचा त्याहून फिका, किंचित आभाळी. डब्यात पांढरा मिसळून, पत्र्याच्या तुकड्यावर लावून, उन्हात वाळवून मगच ठरवा. शेडमध्ये दिसलेला रंग बाहेर वेगळा निघतो.

याच टप्प्यावर यादी लग्नाच्या यादीसारखी वाढायला लागते. दिवे, हॉर्न, स्पीकर, मोबाइलचं स्टँड. केडगावचा माझा वेल्डर हाताने अस्सल कारागीर, पण त्याचा जीव मागच्या सीटवर. “आवो साहेब, एवढं केलंय तर मागं अजून एक सीट टाकू ना. पोरं बसतील.” पोरं एकेक करून बसतील, रांग लावतील, असं मी त्याला दर वेळी सांगतो. तो दर वेळी नव्याने विचारतो.

९. रस्त्यावर नाही म्हणजे नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि घरी जोडलेल्या गाडीची नोंदणी होत नाही. आमच्या गावाची गंमत अशी की देशात गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, नगरलाच आहे. तिचे टेस्ट ट्रॅक आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या धावतात, आपली फक्त कुंपणाबाहेरून बघू शकते, तीही छोट्या हत्तीत बसून.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट आठवत असेल. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव तेच. लोहारांनी साठेक हजारांत भंगारातून जीपसारखी छोटी गाडी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली. गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत बोलेरो घरी आली. लोकांना त्या गोष्टीतली बोलेरो लक्षात राहते. मला नियमांबद्दलचं महिंद्रांचं वाक्य जास्त कामाचं वाटतं.

तेव्हा स्वतःचं किंवा मित्राचं रान बघा. माळावर मुरूम टाकून, रोलर फिरवून, पाणी मारून छान फेरा तयार होतो. बघे आतल्या बाजूला उभे करा, वळणाच्या बाहेर कोणी नको. पूर्ण तोंडाचं हेल्मेट, अ‍ॅक्सिलरेटरला एक नव्हे दोन परतीच्या स्प्रिंगा, आणि इंजिन बंद करायचं बटण चालकाच्या हाताशी, दुसरं शेपटीवर, बाहेरून कुणालाही दाबता येईल असं. पोराला पहिल्यांदा बसवताना अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पोरं तो काढायला शिकतातच, पण निदान पहिली संध्याकाळ निभावते.

१०. पुढची गाडी कशी असावी, हे पोरांना ठरवू द्या.

संगमनेरला मेकॅनिकल शिकणारी माझी भाची म्हणते, “मामा, पेट्रोल बस झालं.” फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लुना आली, तिच्या १६ इंची चाकातच मोटर आहे, ती लावू. मी जुन्या गाडीला बॅटरी म्हणजे काय म्हणून कुरकुरलो, तर तिने मलाच इतिहास ऐकवला. १९२७ च्या सुमाराला एत्तोरे बुगाटीने धाकट्या मुलासाठी, रोलाँसाठी, टाइप ३५ ची अर्ध्या आकाराची गाडी केली होती. पुढे ती ‘टाइप ५२’ म्हणून विकलीही, आणि ती बॅटरीवरच चालायची. यावर मला बोलायला काही उरलं नाही.

अडचण मात्र खरी आहे. चाकातल्या मोटरचा आस दोन्ही बाजूंनी धरावा लागतो. त्यासाठी चाकाच्या बाहेरून लोखंडी हात आणला तर तो दुरूनही डोळ्यात खुपतो आणि गाडीची सगळी रेषा जाते. तिने तोड काढलीय. मोटर चाकात ठेवायचीच नाही, शेपटीखाली दोन पट्ट्यांमध्ये आडवी धरायची, तिच्या कवचाला स्प्रॉकेट जोडायचं आणि तिथून चेन मागच्या एका चाकाला. कल्पना चांगली आहे. कवच ॲल्युमिनियमचं, त्यात आटे पाडून स्प्रॉकेट बसवलं तर ताणाने आटे निघून येतील असं माझं म्हणणं. तारा ओवायच्या भोकांतूनच आरपार बोल्ट टाकू, असं तिचं. त्या भोकांना तेवढी जाडी आहे का, हे बघायला दोघांनी मिळून एक जुनी मोटर खोलायचं ठरवलंय.